गोदावरी आणि तिचे नावाडी

मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी गोदावरी नदीच्या महत्त्वाविषयी चार पाने लिहून द्यावीत असा निरोप धाडला, तेव्हा प्रथम मी टाळाटाळच केली. कारण उघड आहे. हा विषय मी प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे शिकविला. उगम कोठे, लांबी किती, उपनद्या कोणत्या, काठची शहरे कोणती, ही चार प्रश्नोत्तरे घोकून घेतली म्हणजे नदी शिकवून झाली, अशी आम्हां शिक्षकांची समजूत असे. आणि मुलेही ती उत्तरे एका सुरात म्हणत. परंतु सेवानिवृत्तीनंतर स्वस्थ बसून विचार करता एक गोष्ट मनाला लागली. मी स्वतः नावाड्याचा मुलगा. माझ्या आज्याने, पणज्याने गोदावरीच्या पाण्यात आयुष्ये काढली. तरी त्या पस्तीस वर्षांत, मध्ये एवढी नदी असताना लोक या तीरावरून त्या तीरावर जात तरी कसे, हा प्रश्न मी एकाही वर्गाला घातला नाही. पाठ्यपुस्तकात तो नव्हता, म्हणून मलाही तो सुचला नाही. ती चूक थोडीबहुत दुरुस्त व्हावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. ज्ञातिबांधव तो गोड मानून घेतील अशी आशा आहे.

शाळेतील माहिती प्रथम उरकून घेऊ. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटर. पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. भारतात लांबीने गंगेच्या खालोखाल तीच. तिचे खोरे ३,१२,८१२ चौरस किलोमीटरांचे असून त्यातील जवळजवळ निम्मे महाराष्ट्रात आहे. दारणा, प्रवरा, सिंदफणा, दुधना-पूर्णा, मांजरा, पुढे वर्धा-वैनगंगा-पैनगंगेचे पाणी आणणारी प्राणहिता, नंतर इंद्रावती आणि शबरी, असा तिचा मोठा परिवार आहे.

या आकड्यांत एक गोष्ट लपून राहते, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. खालच्या अंगाला, प्राणहिता मिळाल्यावर, गोदावरी बारमाही भरलेली महानदी होते. आपल्या मराठवाड्यातील गोदावरी तशी नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेस थोडे उतरले की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख लागतो. त्यामुळे पैठणच्या माणसाच्या डोक्यावर ऊन असताना त्याच्या पायाशी पूर येतो. चार महिने नदी दुथडी वाहते. माघ-फाल्गुनात तिच्यातून गुडघाभर पाण्यातून बैलगाडी जाते. म्हणजे हीच नदी वर्षातून काही महिने रस्ता असे आणि काही महिने भिंत. तिच्या काठचे सारे व्यवहार, लग्ने, बाजार, यात्रा, लढायासुद्धा, या हिशेबाने चालत.

आपल्याकडे तिला गोदावरी असे कोणी म्हणत नाही. ती 'गंगा'. काठच्या काळ्या, गाळाच्या पट्ट्याला 'गंगथडी' म्हणतात आणि त्या जमिनीची ज्वारी व तेथील बैल यांचा लौकिक दूरवर आहे. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त तेराव्या शतकातील श्रीचक्रधरांचा या भागातील संचार आला आहे. तेथेही हा प्रदेश 'गंगातीर' या नावानेच ओळखला जातो. त्याच्याही कितीतरी आधी, सातवाहनकाळाशी जोडल्या जाणाऱ्या 'गाथासप्तशती' या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात हिला 'गोला' म्हटले आहे. एकाच नदीला राजाश्रयाने एक, पुराणाने एक आणि काठच्या माणसाने एक अशी नावे द्यावीत, यावरूनच तिच्यावर किती जणांचा हक्क होता हे दिसते.

माणसाची वस्ती येथे फार प्राचीन आहे. डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन केले. त्याच प्रवरेवरील जोर्वे या गावाच्या नावाने तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एक संपूर्ण ताम्रपाषाण संस्कृती ओळखली जाते; आणि दायमाबाद येथे १९७४ साली एका ग्रामस्थाला खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशा चार वजनदार धातुमूर्ती सापडल्या. या लोकांनी नदीकाठच का धरला हे सांगावयास पंडित नको. पाणी होते, गाळाची जमीन होती, मासे होते.

आता पैठणकडे वळू. पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, ही दक्षिणेतील दोन मोठी बाजारपेठेची शहरे सांगितली आहेत. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून नाना तऱ्हेचे कापड गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई आणि तेथून जहाजाने परदेशी. ही माहिती आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून नेहमी येते व आपण अभिमानाने वाचतो. परंतु नकाशा पुढे घेऊन पाहावे. पैठण आहे गोदावरीच्या उत्तर तीरावर, आणि तेर दक्षिणेकडे. म्हणजे तेरचे कापड भडोचला जावयाचे तर त्याला कोठेतरी गोदावरी ओलांडावी लागणारच. उन्हाळ्यात गाड्या उतारावरून गेल्या असतील. पाणी असताना त्या गठड्या कोणी तरी नावेत चढविल्या असतील आणि पलीकडे उतरविल्या असतील. ग्रीक व्यापाऱ्याने कापडाचा प्रकार लिहिला, दिवस मोजले. पण नावाड्याचा उल्लेख त्याच्या लेखणीतून सुटला.

सुदैवाने त्या काळच्या नावांचा एक पुरावा दगडावर कोरलेला आहे. नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, तेथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हा लेख समजला जातो. आपण केलेल्या दानधर्माची मोठी यादी त्यात उषवदाताने दिली असून, इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर लोकांना पार होण्यासाठी पुण्यार्थ, विनामूल्य नावा ठेविल्या, तसेच त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या, असे त्यात म्हटले आहे. या सहांत गोदावरी नाही हे खरे. परंतु लेख गोदाकाठच्या नाशकात आहे, आणि त्यातून निघणारा अर्थ सर्वच नद्यांना लागू पडतो. फुकट नाव ठेवणे हे शिलालेखात कोरण्याजोगे पुण्य ठरते, यावरूनच एरवी नावेला दाम पडत होता हे सिद्ध होते. आणि दाम होता तेथे दाम घेणारा नावाडी होताच. उतारूंची सोय हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव एकोणीसशे वर्षांपूर्वी या भूमीत होती, हेही येथे नमूद करून ठेवतो; पुढे त्याचे काम पडेल.

याच लेण्यांतील लेखांत विणकरांच्या, कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. त्यांच्याकडे रकमा व्याजाने ठेवलेल्या होत्या. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघच. नावाड्यांच्या श्रेणीचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात आलेला नाही. आपले मंडळ त्या मानाने फारच अलीकडचे म्हणावयाचे!

संतांविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना मी नव्याने काय सांगावे? ज्ञानेश्वरमाउलींचे पूर्वज पैठणजवळच्या आपेगावचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथमहाराज (१५३३ ते १५९९) पैठणचे, आणि त्यांनी फाल्गुन वद्य षष्ठीस याच नदीत देह ठेविला. त्या तिथीस नाथषष्ठीची यात्रा अजून भरते. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ साली निर्वाण झाले व ते शीख बांधवांचे महान तीर्थ बनले. या यात्रांना पायी येणाऱ्या दिंड्यांना उतरून नेण्याचे काम नाथषष्ठीच्या दिवसांत आमच्या घराकडेही असे. वारकऱ्यांकडून आजोबा पैसा घेत नसत, बुक्का लावून घेत, असे आत्या सांगे.

राक्षसभुवनच्या लढाईची गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात नदी हीच मुख्य पात्र आहे. १७६३ साली निजामअलीने पुणे लुटून जाळले होते. माधवराव पेशवे त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे. पावसाळा तोंडावर आला, तसा निजाम आपल्या मुलखात परतू लागला. वाटेत गोदावरी. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, दक्षिण तीरावर राक्षसभुवन हे शनीचे क्षेत्र आहे. तेथे त्याची फौज आली. निजामअली स्वतः काही फौजेनिशी नदी उतरून उत्तर तीरास गेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर हा उरलेल्या सैन्यासह अलीकडे राहिला. नदीला पूर आला. फौज दोन तीरांवर दुभंगली. ही संधी साधून १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी विठ्ठल सुंदरच्या फौजेवर हल्ला केला. तुंबळ युद्ध झाले, विठ्ठल सुंदर पडला, आणि मधल्या पाण्यामुळे निजामाला पलीकडच्या तीरावरून पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही. पुढे तहात पेशव्यांना ८२ लक्षांचा मुलूख मिळाला. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांत मराठी राज्याची पत पुन्हा उभी राहिली ती या दिवशी. राघोबादादांचे धाडस, तरुण पेशव्याचे धैर्य यांचे वर्णन बखरकारांनी केले आहे व ते योग्यच आहे. पण मला नेहमी वाटते, आदल्या दिवसांत निजामाची फौज पलीकडे उतरवीत असलेल्या नावा कोणाच्या होत्या? तीरावरच्या गावांतून त्या ओढून आणल्या असणार, आणि वल्ही मारणारे हात आपल्यासारख्यांचेच असणार. पूर चढताना पाहून 'आता नाव घालता येणार नाही' असे जो कोणी प्रथम म्हणाला असेल, त्याने इतिहासाला वळण दिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. हा अर्थात माझा तर्क आहे. पुरावा विचाराल तर तो माझ्यापाशी नाही.

आता आपल्या माणसांच्या धंद्याविषयी. भोई म्हटले की लोकांना पालखी आठवते. खांद्यावर पालखी, हातात वल्हे, पाण्यात जाळे आणि घरी फुटाण्यांची भट्टी, असा आपल्या समाजाचा चौपदरी संसार गावोगाव होता. गंगथडीच्या गावांत नाव हा त्यातील मुख्य पदर. आमच्या गावी आमच्या घराकडे 'तर' होता, म्हणजे उतारू पार करण्याचा धंदा. नाव सागवानी फळ्यांची, सांध्यांत काथ्या ठोकून वरून डांबर फासलेली. खोल पाण्यात वल्हे आणि उथळात लांब बांबू. लहान ओझे असेल तर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पुरे. गावचे शेतकरी रोज पैसा देत नसत. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणावयाचे, बलुतेदारासारखे. परगावच्या उतारूने तेवढी आणा-दोन आणे द्यावेत. नदीला पहिला पूर आला की घरातील थोरल्या बाईने खणानारळाने गंगेची ओटी भरावी आणि मगच नाव पाण्यात लोटावी, हा नेम माझ्या आजीने शेवटपर्यंत पाळला.

१९४८ पूर्वी आमच्या गावासमोरची गोदावरी ही नुसती नदी नव्हती, दोन राज्यांची सीमा होती. आम्ही निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आणि पैलतीर इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. सोयरिकी दोन्हीकडे. त्यामुळे लग्नाचे वऱ्हाड नावेत बसले की ते परराज्यात निघाले असा प्रकार. निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका तीरावर असे आणि नावाड्याला दोन्ही बाजूंच्या शिपायांचे ऐकून घ्यावे लागे. पुढे रझाकारांच्या धामधुमीत घाबरलेली कुटुंबे आणि भूमिगत कार्यकर्ते यांना आजोबांनी रात्री, दिवा न लावता, पलीकडे पोचविले, असे वडील सांगत. किती जणांना, कोणाकोणाला, हे त्यांनी कधी मोजले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मोकळे झाले आणि आमची सीमा पुन्हा नदी झाली.

येथे एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. पण इतिहास लिहावयाचा तर केवळ आपले गुणच लिहून चालणार नाही. नदीने कोणाची जात विचारली नाही, आम्ही मात्र विचारली. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना इतर उतारूंबरोबर नावेत घेत नसत. त्यांची वेगळी खेप होई, आणि ती सर्वांच्या शेवटी. तिन्हीसांजा झाल्या तर त्यांना तीरावरच रात्र काढावी लागे. माझ्या आजोबांच्या नावेतही असेच चाले, आणि ते मनाने वाईट गृहस्थ नव्हते. पैठणच्या तापलेल्या वाळवंटातून अस्पृश्याचे मूल नाथांनी कडेवर उचलून घेतल्याची कथा ते भक्तिभावाने सांगत आणि सकाळी नाव त्याच रीतीने चालवीत. याच गोदावरीकाठी नाशकास २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा तो कशाविरुद्ध होता हे समजण्यासाठी आम्हां नावाड्यांना फार दूर पाहण्याची गरज नव्हती.

नाव चार-सहा महिन्यांची. कार्तिक उलटून पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूत खरबुजांच्या आणि टरबुजांच्या वाड्या लावावयाच्या. वाळूत ओल लागेपर्यंत लांब चर खणावयाचे, त्यात शेणखत घालून बी टोकावयाचे, वाऱ्याने वाळू उडून वेल गाडले जाऊ नयेत म्हणून तुराट्यांचे कूड लावावयाचे. थंडीच्या रात्री सारे कुटुंब वाळूतच खोपट घालून राही. चैत्रात फळ तयार झाले की त्याच्या वासाने कोल्हे येत. त्यांना हाकलण्याचे काम आम्हां मुलांचे. ही शेती ज्याने केली त्यालाच ठाऊक की नदीचे पात्र ही पडीक जागा नव्हे. मासेमारी तर होतीच. मरळ, वाम, झिंगे यांवर बाजारचा मिठा-मिरचीचा खर्च निघे.

पूर्वजांच्या या नदीचे पाणी अडवून शेताला देण्याचा विचार मोठ्या प्रमाणावर प्रथम खाली, तेलुगू मुलखात झाला. १८३३ च्या भीषण दुष्काळानंतर आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ दवळेश्वरम येथे बंधारा बांधला आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार बनला. तेथील शेतकरी या परकीय माणसाचे पुतळे उभारून त्याची आठवण ठेवतात. कॉटनच्या मनात आणखीही एक योजना होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने नावांतून थेट पूर्व किनाऱ्याला न्यावयाचा. त्यासाठी दुम्मागुडेम वगैरे ठिकाणी कामेही झाली; परंतु वाटेतील खडकांचे अडथळे भारी पडले, इकडे मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली पोचली, आणि १८७१ साली ते काम सोडून देण्यात आले. नाव हरली आणि आगगाडी जिंकली. आपल्या वरच्या अंगाला विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, १९१६ साली दारणा धरण, नंतर गंगापूर धरण झाले. कोपरगाव-राहात्याकडे ऊस आला, साखर कारखाने आले. त्याचा तपशील अन्यत्र पुष्कळ लिहिला गेला आहे.

आमच्या आयुष्याला कलाटणी देणारे धरण म्हणजे जायकवाडी. मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावापाशी होती म्हणून ते नाव. धरण झाले ते वर पैठणला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी कोनशिला बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे, आणि मागे शंभराहून अधिक दशलक्ष-सहस्र घनफूट, म्हणजे टी.एम.सी., पाण्याचा नाथसागर. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. त्या पाण्याने जालना, परभणी, बीडकडील कोरडवाहू शेते भिजली. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि जालना ही शहरे तेच पाणी पितात. हे उपकार मी नाकारीत नाही. माझी मुलगी त्या शहरात दिली आहे आणि तिच्या नळाला आमच्याच गावावरचे पाणी येते.

पण शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली, त्यांत आमचे गाव होते. मी त्या वेळी शाळेत शिकत होतो. गाव उठावयाचे ठरले तेव्हा मोजणी झाली, नोंदी झाल्या. ज्याची जमीन, त्याच्या सातबाऱ्यावरून त्याचा मोबदला. वडील कचेरीत गेले. त्यांना विचारण्यात आले, "तुमचे काय बुडते?" वडील म्हणाले, "नाव चालते, वाड्या लावतो, मासे धरतो." विचारणाऱ्याने कागद वरखाली पाहिला. त्या कागदात अशा गोष्टीसाठी रकानाच नव्हता. नदी कोणाच्या नावावर नसते. नदीवर पोट असणाऱ्याचे म्हणूनच काही बुडत नाही, असा त्या हिशेबाचा अर्थ झाला. घराच्या चार भिंतींचे पैसे मिळाले आणि नव्या गावठाणात एक जागा. नदी त्या जागेपासून दीड कोस. मी त्या कारकुनाला दोष देत नाही. त्याला जो कागद दिला होता तोच तो भरीत होता. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचा तर, खळ्यावरचे धान्य, वाळूतल्या वाड्या, आणि रझाकारांच्या काळातल्या त्या अंधारातल्या खेपा, यांपैकी कशाचीही कोठेच नोंद नव्हती हे त्या दिवशी आम्हांस समजले. आमच्या समाजाच्या इतिहासाचा पुरावा आमच्या माणसांच्या तोंडी होता आणि माणसे तर आता विखुरली. कोणी साखर कारखान्यावर, कोणी शहरात फुटाण्यांच्या गाड्यावर, तर काहींनी नाथसागरावर मच्छिमार सहकारी संस्था काढून जाळे पुन्हा हाती घेतले. रोहू, कटल्याचे बीज सोडावयाचे आणि चप्पूवरून जाळी टाकावयाची. ते तग धरून आहेत याचे कौतुक वाटते.

धरणाने नदीचा हिशेब पालटला, भांडणे मात्र संपली नाहीत. पूर्वी या तीराचे आणि त्या तीराचे असे. आता वरच्याचे आणि खालच्याचे. वरच्या धरणांतून जायकवाडीस किती पाणी सोडावे, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वाद होऊन २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला निवाडा द्यावा लागला. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल लागला. त्याप्रमाणे बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे लागतात. पाण्याचा थेंबन्‌थेंब आता मोजला जातो आणि लिहिला जातो, हे एका अर्थी बरेच झाले.

तथापि ओलांडण्याचा प्रश्न जुनाच आहे. २०२३ साली वर्तमानपत्रांत एक बातमी व छायाचित्र आले. नाथसागराच्या फुगवट्याने वेढलेल्या, गंगापूर तालुक्यातील एका वस्तीवरची लहान मुले थर्मोकोलच्या तुकड्यावर बसून, हाताने पाणी मारीत शाळेला जात होती. उच्च न्यायालयाने त्याची आपण होऊन दखल घेतली. मी ते छायाचित्र कापून ठेविले आहे. उषवदाताच्या लेखाची आठवण ठेवावी असे मी वर म्हटले होते, ते याचसाठी.

२०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला आणि पाणी फार मागे गेले. आमच्या जुन्या गावाची जागा उघडी पडली, असे कळताच मी आत्याला घेऊन तेथे गेलो. ती त्या वेळी ऐंशीच्या घरात होती. गाळ वाळून त्याला हातहात रुंद भेगा पडल्या होत्या. काही जणांनी तेथे गाळपेर करून भाजीपालाही लावला होता. देवळाचा चौथरा ओळखू आला, वेशीचे दोन चिरे दिसले. आमचे घर कोठे होते ते काही केल्या ठरविता येईना. आत्या मात्र सरळ चालत उतारापाशी गेली आणि एका काळ्या दगडापाशी थांबली. नावेचा दोर आजोबा त्या दगडाला बांधीत. तिने पदराने वरचा गाळ झाडला. दोर घासून घासून दगडाला खाचा पडल्या होत्या. एकेक खाच दोन बोटे रुतावीत एवढी खोल. तिने त्या मोजावयास सुरुवात केली. सात झाल्या, पुढच्या गाळात गेलेल्या होत्या. ऑगस्टमध्ये नाशिककडे मोठा पूर आला, नाथसागरात पाणी चढले, आणि तो दगड पुन्हा खाली गेला.